पानी कवय येई?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात एक बातमी तुम्ही दर वर्षी रेडिओवर ऐकता. हतनूर धरणाचे अमुक दरवाजे उघडले, तापीत इतके हजार क्युसेक पाणी सोडलं, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. हतनूरला एकूण 41 दरवाजे आहेत, आणि त्यातले किती उघडले यावरूनच काठावरची जुनी माणसं पुराचा अंदाज बांधतात. पण खाली शिरपूर-शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याला जे हवं असतं, ते या बातमीत नसतं. त्याची मोटार नदीत असते, पाइप असतात, केबल असते. तो विचारतो, ‘पानी कवय येई?’ पाणी येणार हे कळलं, पण माझ्या काठाला किती वाजता लागेल?

नदीच्या पुराचं गणित संगणकावर मांडणं हे माझं काम. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तापीच्या एका टप्प्याचं मॉडेल तयार केलं होतं. पात्र, दोन्ही काठ, मिळणारे नाले, काठावरची शेतं, सगळ्याचे बारीक चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली किती आणि दोन दिशांना वेग किती, हे संगणकाने क्षणाक्षणाला काढायचं. त्या मॉडेलचा मला फार अभिमान होता. मग एका श्रावणात वर जोराचा पाऊस झाला, विसर्ग वाढला. संध्याकाळी मी आकडे भरले आणि गणित सुरू केलं. रात्री एका शेतकऱ्याचा फोन आला, तोच प्रश्न. मी म्हटलं, ‘दादा, मॉडेल चालू आहे, उत्तर आलं की सांगते.’ उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. पाणी पहाटेच येऊन गेलं होतं, आणि त्यांची मोटारही घेऊन गेलं होतं. माझं उत्तर जवळजवळ बरोबर निघालं. तेच मला अजून बोचतं.

संगणक इतका वेळ का घेतो? चौकोनाची बाजू निम्मी केली की आडवे दुप्पट, उभे दुप्पट, म्हणजे चौकोन चौपट होतात. एवढ्यावर भागत नाही. काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, कारण एका पावलात लाट एका चौकोनाच्या पलीकडे उडी मारून गेली तर गणित बिघडतं, आकडे वेडेवाकडे फुगत जातात. ही अट कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी 1928 साली दाखवून दिली. म्हणून चौकोन निम्म्याने बारीक केला की काम आठपट होतं. आणखी एकदा बारीक केला की चौसष्टपट. नवा संगणक घेऊन ही शर्यत जिंकता येत नाही, कारण संगणक सुधारला की आपण चौकोन आणखी बारीक करतो. मीही तेच करत होते.

मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. त्या शेतकऱ्याला काय हवं होतं? त्याच्या गावापाशी पाणी कधी चढेल आणि साधारण किती चढेल. पात्राच्या मधोमध भोवरा कुठे पडतो, कुठल्या चौकोनात पाणी तिरकं वाहतं, हे त्याने विचारलंच नव्हतं. मी मात्र रात्रभर तेच मोजत बसले होते.

एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देणारी एक रीत फार पूर्वीपासून आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात मस्किंगम नावाची नदी आहे. तिच्या पुराचा अभ्यास करताना मॅकार्थी नावाच्या अभियंत्याने 1938 साली ती मांडली, म्हणून तिला मस्किंगम पद्धत म्हणतात. वाहत्या पाण्याची पूर्ण समीकरणं फ्रान्सच्या सँ-व्हनाँ यांनी 1871 मध्येच दिली होती. त्यांत दोन गोष्टी असतात: पाण्याचा जमाखर्च आणि पाण्याच्या जोराचा हिशेब. मॅकार्थीने जमाखर्च ठेवला आणि जोराचा हिशेब सोडून दिला. त्या जागी एक साधा नियम घातला, की नदीच्या टप्प्यात किती पाणी साठलं आहे हे वरून येणाऱ्या आणि खालून जाणाऱ्या पाण्यावरून ठरतं. टप्प्यासाठी दोनच आकडे लागतात. लाट टप्पा ओलांडायला किती तास घेते, हा एक. वाटेत ती किती पसरते, हा दुसरा. दोन्ही जुन्या पुरांच्या नोंदींवरून काढायचे.

हे गणित मी तुम्हाला रेडिओवर करून दाखवते, वहीसुद्धा लागणार नाही. उदाहरण म्हणून धरा, लाट टप्पा 12 तासांत ओलांडते आणि आपण दर 6 तासांनी हिशेब करतो. तर खालच्या टोकाचा नवा विसर्ग असा निघतो: वरचा आत्ताचा विसर्ग शंभरातले 5 भाग, वरचा सहा तासांपूर्वीचा विसर्ग 43 भाग, आणि खालचा सहा तासांपूर्वीचा विसर्ग 52 भाग. पाच, त्रेचाळीस, बावन्न, बेरीज शंभर. आता नदी 10 हजार क्युसेकने संथ वाहते आहे आणि वरून एकदम 50 हजार सोडले. सहा तासांनी खाली फक्त 12 हजार. बारा तासांनी 30 हजारांच्या वर. म्हणजे पहिले सहा तास काठावरच्या माणसाला नदी फारशी बदललेली दिसत नाही, आणि पुढच्या सहा तासांत ती अंगावर येते. तीन गुणाकार आणि एक बेरीज. माझ्या संगणकाने रात्रभर चालवलेलं काम इथे कागदाच्या चिटोऱ्यावर झालं.

श्रोतेहो, यात काही हातचलाखी नाही, पण धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. या पद्धतीत पाणी फक्त खाली जातं. ते मागे सरकू शकतं, हे तिला ठाऊकच नाही. आणि आपल्या तापीवर पाणी मागे सरकतं. खाली गुजरातेतलं उकाई धरण भरलं की त्याचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात येतो. मुक्ताईनगरजवळ चांगदेवच्या संगमावर पूर्णा फुगलेली असेल तर ती तापीलाही अडवून धरते. मुडावदला पांझरा मिळते, तिथेही तेच. अशा ठिकाणी सोपं मॉडेल नेमकं चुकीचं सांगतं, आणि तेही ठामपणे सांगतं. शिवाय लहान पुरांवरून काढलेले आकडे मोठ्या पुराला चालत नाहीत. पाणी काठ सोडून केळीच्या बागांत शिरलं की त्याचा वेग बदलतो, बारा तास बारा राहत नाहीत. म्हणून सोपं मॉडेल करणाऱ्याने आधी एक यादी करावी, आपण काय काय सोडलं त्याची. मी ती मॉडेलच्या पहिल्याच पानावर लिहिते. जिथे फुगवटा येतो तो तुकडा सँ-व्हनाँच्या पूर्ण समीकरणांनी सोडवते, बाकीची नदी मस्किंगमने.

कुणी म्हणेल, ही सगळी परदेशी विद्या. तर चाळीसगावजवळ पाटणादेवीला चला. तिथे शके 1128 चा, म्हणजे इसवी सन 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी मठ काढला, त्याची ही नोंद. (संगमावरचे योगी चांगदेव ते वेगळे.) भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली, सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. सिद्धान्तग्रंथात ग्रह काढायचा तर दिवस मोजायचे कल्पाच्या आरंभापासून. कल्प चार अब्ज 32 कोटी वर्षांचा, त्यामुळे दिवसांची संख्या बारा अंकी होते. पंचांग करणाऱ्याने रोज असला गुणाकार कुठवर करावा? म्हणून त्याच भास्कराचार्यांनी उतारवयात करणकुतूहल लिहिला. त्यात शके 1105, म्हणजे 1183 सालचा आरंभ धरला, त्या दिवशीची ग्रहांची स्थानं आयती दिली, आणि पुढचेच दिवस मोजायला सांगितले. गणिताला लागणारी ‘ज्या’, म्हणजे आजची साइन, तिची सारणीही त्यांनी हलकी करून दिली. जुन्या सारणीत 24 ज्या, त्रिज्या 3438. त्यांच्या लघुज्येत दहा-दहा अंशांवर नऊच, त्रिज्या 120. दहा अंशांना 21. आजच्या गणकयंत्रावर 20.84 येतात. पाठ करता येतील असे नऊ आकडे!

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. पूर्ण सिद्धान्त ज्याने रचला, त्यानेच तो कुठे आणि किती छाटायचा हे ठरवलं. आणि करणग्रंथाचा, म्हणजे अशा सोप्या हिशेबाच्या ग्रंथाचा, आरंभकाल ग्रंथातच लिहिलेला असतो. त्या वर्षापासून जितकं दूर जावं तितकी चूक वाढते, म्हणून पुढच्या पिढ्यांनी नवे करणग्रंथ केले. गणेश दैवज्ञांनी शके 1442 चा आरंभ धरून ग्रहलाघव रचला, त्यात तर ज्या वापरल्याच नाहीत.

आता नदी सोडून जरा रावेर-सावद्याकडे येऊ. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये थंड हवा सगळ्या कॅरेटांना सारखी लागली पाहिजे, नाहीतर एका कोपऱ्यातले घड आधी पिवळे होतात. पिकताना केळी स्वतःही उष्णता सोडते. अशा चेंबरमधल्या हवेचं मॉडेल केलं तर लाखो ठिकाणचं तापमान काढावं लागतं. मात्र पंखे आणि दारं बदलून मोठं मॉडेल काही वेळा चालवलं, आणि दर थोड्या वेळाने सगळ्या तापमानांचं जणू छायाचित्र घेतलं, तर ध्यानात येतं की ही छायाचित्रं एकमेकांसारखी आहेत. काही थोडे मूळ आकार आहेत, त्यांचंच कमीजास्त मिश्रण दर वेळी दिसतं. ते आकार गणिताने वेगळे काढता येतात. मग लाखो अज्ञात संख्यांऐवजी प्रत्येक आकार किती प्रमाणात आहे, एवढंच शोधायचं. कधी पाच-सहा संख्यांत भागतं, कधी वीस लागतात. रात्रभराचं गणित काही सेकंदांवर येतं, आणि पंखा कुठे लावावा याचे शंभर पर्याय एका दुपारी तपासता येतात. छायाचित्रांत कधी न आलेली परिस्थिती उद्भवली, समजा वीज गेली आणि पंखेच बंद पडले, तर मात्र या लहान मॉडेलवर विसंबू नये.

या रीतीच्या मुळाशी जे गणित आहे ते 1943 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने प्रसिद्ध केलं होतं. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासाचे अभ्यासक म्हणून ओळखतो, पण ते मुळात गणिती. पुढच्या काही वर्षांत फिनलंडचे कार्हूनेन आणि फ्रान्समध्ये शिकलेले लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं, आणि पाठ्यपुस्तकांत त्या दोघांचीच नावं राहिली. अलीकडे काही लेखक कोसंबींचं नाव पहिलं लावतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना ते तसंच लिहायला लावते.

मोटार गेलेल्या त्या शेतकऱ्याकडे मी नंतर जाऊन आले. मोटार, पाइप, केबल काढून वर आणायला किती वेळ लागतो, असं विचारलं. म्हणाले, तीन माणसं असली तर दोन तास, रात्री असेल तर तीन. पुढच्या पावसाळ्यात हतनूरचा विसर्ग वाढला तेव्हा मी सोपं मॉडेल तीन वेगवेगळ्या आकड्यांनी चालवलं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. तिन्ही उत्तरांत दोन तासांचा फरक होता. मी त्यांना फोन करून सांगितलं, ‘रात्री अकरा ते एकच्या दरम्यान पाणी चढेल, सात वाजता कामाला लागा.’ साडेनऊला त्यांचा फोन आला, मोटार बांधावर होती.