नवं-जुनं

(ड्रोन: बंद वीज प्रकल्प. चिमणीच्या टोकापासून सावकाश खाली.)

या चिमणीतून धूर कधी निघालाच नाही. आत काजळीचा थरसुद्धा नाही. खाली आवारात यंत्रांच्या पेट्या आल्या तशाच पडून आहेत. लाकडाला वाळवी लागलीय, मधून बाभळी वर आल्यात.

बँकांच्या दफ्तरी मात्र असे प्रकल्प वर्षानुवर्षं ठणठणीत होते.

(टेबलावर फायलींचा ढीग)

२००३ ते २००८. अर्थव्यवस्था जोरात, विजेची मागणी वाढतच जाणार असं सगळेच धरून चाललेले. शंभर रुपयांच्या प्रकल्पात साधारण सत्तर रुपये बँकांचे, तीस प्रवर्तकाचे, म्हणजे प्रकल्प काढणाऱ्याचे. त्या तिसातलेही कित्येकदा दुसऱ्या कंपनीच्या नावानं उचललेलं कर्जच. एका बँकेनं छाननी करायची, कन्सोर्शियममधल्या, म्हणजे मिळून कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटातल्या, बाकीच्यांनी तिच्या भरवशावर सही ठोकायची. ठेवी वर्षा-दोन वर्षांच्या, कर्ज पंधरा वर्षांचं. जमीन पूर्ण ताब्यात नाही, कोळशाचा पक्का करार नाही, तरी पैसे सुटत.

मग जमीन अडली, परवाने रखडले. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोळसा खाणपट्ट्यांची २१४ वाटपं रद्द केली. वीज नाही म्हणून उत्पन्न नाही. व्याजाचा मीटर तेवढा पळतोय. बांधकामाच्या काळातलं व्याज प्रकल्पाच्या खर्चातच धरतात, त्यामुळे काम जितकं लांबलं तितकं कर्ज जागच्या जागी फुगलं.

(संगणकाचा पडदा, अगदी जवळून)

हा रकाना बघा. थकबाकीचे दिवस. एक ते तीस, एकतीस ते साठ, एकसष्ट ते नव्वद. नव्वदी ओलांडली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून तरतूद करा, वरच्या साहेबांना उत्तरं द्या. त्यापेक्षा नव्वदीच्या आत काहीतरी 'बसवलेलं' बरं. कसं बसवतात? एकाच तारखेच्या या दोन नोंदी. एका खात्यावर नवं कर्ज नावे, दुसऱ्या खात्यात तेवढाच हप्ता जमा. पैसा बँकेबाहेर गेलेलाच नाही.

(जुनं पासबुक, पानं उलटणारा हात)

गावाकडे याला नवं-जुनं म्हणतात. मार्चअखेर आली की शेतकरी हातउसने आणून सोसायटीचं पीककर्ज भरतो आणि एप्रिलात पुन्हा उचलतो. त्याच्या नवं-जुनंवर सगळ्यांचं बोट. मोठ्या खात्याचं तेच केलं की त्याला पुनर्रचना म्हणायचं. मुदत वाढवा, व्याज कमी करा, हप्ते पुढं ढकला. आणि यात चोरीछुपे काही नव्हतं बरं का! ३१ मार्च २०१५ पर्यंत असं पुनर्रचित खातं नियमानंच 'स्टँडर्ड', म्हणजे चांगलं कर्ज, राहू शकत होतं.

(रिझर्व्ह बँकेची इमारत, रस्त्यावरून)

२०१५ मध्ये, रघुराम राजन गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेनं बँकांची मोठी कर्जखाती स्वतः उघडून पाहिली. मार्च २०१५ ला ढोबळ एनपीए होता एकूण कर्जाच्या ४.३ टक्के. मार्च २०१८ ला ११.२. बुडायची ती कर्जं कधीच बुडाली होती, वहीत आत्ता आली. जून २०१७ मध्ये दिवाळखोरी संहितेखाली पाठवायच्या खात्यांची पहिली यादी निघाली. एकूण एनपीएचा जवळपास चौथा हिस्सा १२ खात्यांत. बारा! कर्जमाफीचं नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा.

सरकारी बँका सावरायला ऑक्टोबर २०१७ मध्ये २.११ लाख कोटींची भांडवल योजना आली, आणि मधल्या काळात धडधाकट लहान उद्योगांनाही कर्जासाठी खेटे घालावे लागले.

(वजनकाटा. ट्रक आत येतो.)

लिलावात गेलेलं लोखंड आज बाहेर निघतंय. ट्रक मघाशी रिकामा तोलला, आता भरलेला तोलतायत. भाव किलोवर ठरलाय. त्या पेट्याही यातच आहेत, न उघडलेल्या.