आधी घर, मग पिल्लू : कॅमेलिऑनच्या बाळाची तयारी

कॅमेलिऑनचा, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचा, हा पिंजरा रिकामा दिसतोय, पिल्लू अजून आलेलं नाहीये, आणि हे आम्ही मुद्दाम केलंय. बरेच जण आधी पिल्लू घेऊन येतात आणि मग बल्ब कुठला, जाळी कुठली याची शोधाशोध करत बसतात, तोपर्यंत ते बिचारं खोक्यात अंधारात थंड पडून असतं. आधी घर, मग पिल्लू. कॅमेलिऑन सांभाळायचा म्हणजे खरं तर त्याच्या भोवतीची हवा, उजेड आणि पाणी सांभाळायचं, म्हणून या फिल्मचा मोठा भाग पिंजऱ्यालाच दिलाय, मधे मधे पिल्लू दिसेल ती दृश्यं ते आल्यानंतरची आहेत.

येणारं पिल्लू व्हेल्ड जातीचं आहे, साधारण तीन महिन्यांचं. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातली, डोक्यावर तुऱ्यासारखं हाड असतं ती. पाळायला जे कॅमेलिऑन घेतात त्यात हीच जास्त दिसते, ही पिल्लं पिंजऱ्यातच जन्मलेली असतात आणि तशीच घ्यायची, रानातून पकडून आणलेला प्राणी घ्यायचा नाही, अजिबात नाही.

आता पिंजरा नीट बघा. चारही बाजूंनी जाळी आहे. काचेच्या टाकीत हवा कोंडते, ओल साचते, आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की याला वाटतं समोर दुसरा कॅमेलिऑन उभा आहे, मग दिवसभर तणावात. जाळीतून वारा आरपार जातो. हा पिल्लाचा पिंजरा दीड फूट बाय दीड फूट आणि उंचीला दोन फुटांच्या जरा वर. मोठा झाल्यावर दोन बाय दोन आणि चार फूट उंच लागतो, पण एवढ्याशा जिवाला सुरुवातीलाच तेवढ्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं तर त्याला किडे सापडत नाहीत आणि आपल्याला तो सापडत नाही. पिंजरा जमिनीवर ठेवलेला नाही हेही बघा, उंच टेबलावर आहे, वरच्या फांद्या आपल्या डोळ्यांच्या वर येतात. कॅमेलिऑनला वरून येणाऱ्या गोष्टीची भीती असते, पक्षी वरूनच झडप घालतो ना, म्हणून त्याला आपल्यापेक्षा उंचावर बसू दिलं की तो निम्मा शांत होतो.

फांद्या. या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा. काही आडव्या, काही तिरक्या, जाड बारीक मिळून मिसळून, आणि प्रत्येक फांदी दुसरीला कुठेतरी टेकलेली, म्हणजे पूर्ण पिंजरा खाली न उतरता फिरता आला पाहिजे. कॅमेलिऑनचा पाय जवळून दाखवतो. पाच बोटं आहेत, पण ती दोन गटांत जोडलेली, पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन आणि बाहेरच्या बाजूला दोन, मागच्या पायाला बरोबर उलट. हा पाय म्हणजे चिमटाच आहे. असा पाय सपाट जमिनीवर चालायला बनलेला नाही, त्याला मुठीत मावेल अशी फांदी लागते, पिल्लाला तर पेन्सिलपेक्षाही बारीक काड्या लागतात.

मग झाडं, आणि झाडं खरीच हवीत. मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा, फायकस, यातलं काहीही चालतं. आणल्या आणल्या पानं दोन्ही बाजूंनी धुवायची, कारण नर्सरीत फवारणी झालेली असते, आणि खताच्या गोळ्या असलेली माती काढून साधी माती भरायची. प्लॅस्टिकची पानं का नकोत तर व्हेल्ड जात पानंही खाते, हा बघा जास्वंदीचा तुकडा तोडतोय, प्लॅस्टिक असंच तोडून गिळलं तर आतड्यात अडकतं. शिवाय पानांच्या मागे लपता आलं पाहिजे. पिल्लू आपल्याला दिसत नाहीये म्हणजे पिंजरा चांगला जमलाय असं समजा. तळाला मात्र माती, भुसा काही टाकायचं नाही, तळ मोकळा, किड्यावर जीभ मारताना भुसा पोटात जातो आणि ओला भुसा सडतो.

आता लाईट, आणि इथे कृपया घाई करू नका. वर दोन वेगळे लाईट आहेत. एक साधा बल्ब, ऊब द्यायला. दुसरी ही लांब ट्यूब, यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात त्या एका प्रकारच्या अतिनील किरणांची. अन्नातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते कॅमेलिऑनच्या कातडीत यूव्हीबी किरण पडल्यावर तयार होतं, जंगलात हे काम ऊन करतं. खिडकीपाशी ठेवला की झालं असं खूप जणांना वाटतं, पण खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, ऊन दिसतं पण उपयोगाचा भाग बाहेरच राहतो. म्हणून ट्यूब. टी५ म्हणजे बारीक जाडीची, पाच किंवा सहा टक्के यूव्हीबीवाली, पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीची. जाळीसुद्धा बराचसा यूव्हीबी अडवते, म्हणून सगळ्यात वरची फांदी ट्यूबपासून सहा ते नऊ इंचांवर येईल अशी बांधायची, पट्टी लावून मोजायची, अंदाजाने नाही. आणि ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचा यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे वर्षाच्या आत बदलायची, लावल्याची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवायची. हाडांचा आजार होतो तो इथेच काटकसर केल्याने, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

ऊब किती? पिल्लाला बल्बखालच्या फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरे. मोठ्या प्राण्याला याहून जरा जास्त चालते, पण पिल्लाचं अंग इतकं लहान असतं की ते पटकन तापतं. बाकी पिंजरा २२ ते २५ अंश. हा डिजिटल थर्मामीटर, याची वायर बरोबर त्या फांदीवर बांधलीये जिथे तो बसणार आहे, भिंतीला चिकटवलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो. गरम वाटलं तर तो खाली येईल, थंडी वाटली तर वर जाईल, म्हणूनच वरपासून खालपर्यंत फांद्या दिल्यात. लाईट टायमरवर, बारा तास चालू, बारा तास बंद. रात्री पूर्ण अंधार, लाल निळे बल्बसुद्धा नकोत, तापमान १८ ते २० अंशांपर्यंत उतरलं तर ते त्याला चांगलंच असतं.

आणि पाणी. हे दृश्य आम्ही खूप वेळ कॅमेरा लावून घेतलंय, थोडं थांबून बघा. पानाच्या टोकाला थेंब येतो, लोंबतो, दुसऱ्या पानावर पडतो, आणि पिल्लाचा एक डोळा त्या थेंबामागे फिरतो. वाटीतलं साचलेलं पाणी याला सहसा पाणी म्हणून कळतच नाही, त्याला हलतं, चमकतं पाणी लागतं. म्हणून सकाळी लाईट लागायच्या आधी दोन तीन मिनिटं बारीक फवारा, रात्री लाईट गेल्यावर पुन्हा एकदा, आणि दुपारी हा ड्रिपर, थेंब थेंब. मधल्या वेळात पानं वाळली पाहिजेत. दिवसा हवेत ३० ते ५० टक्के ओलावा, रात्री मात्र ८० च्या वर गेला तरी हरकत नाही, उलट रात्रीच्या दमट हवेतून बरीच तहान भागते. सतत ओलं गरम ठेवलं की छातीचा संसर्ग होतो. पाणी पुरतंय की नाही हे कळतं विष्ठेवरून, तिच्यासोबत जो घट्ट पांढरा भाग येतो तो पांढरा असेल तर ठीक, पिवळा नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय.

दोन दिवस हे सगळं रिकामं चालवून बघितलं, तापमान, ओलावा, टायमर, आणि मग पिल्लू आलं.

खोक्यातून काढताना बघा, हाताने उचललेलं नाही. वरून हात घातला की तो झडपेसारखाच वाटतो. त्याच्या पायासमोर एक काडी धरली, त्याने एक पाय टाकला, डोलला, मागे झाला, पुन्हा पुढे आला, असं करत करत आपला आपण चढला. आता रंग बघा, काळपट तपकिरी. पाच दहा मिनिटं बल्बखाली बसल्यावर हाच रंग, बघा, पोपटी व्हायला लागला. गडद रंगात ऊब पटकन शोषली जाते म्हणून थंड पडलेला कॅमेलिऑन गडद होतो, घाबरलेलाही होतो. रंग आसपासच्या रंगाशी जुळवायला बदलतो असं सगळे मानतात, पण तो बदलतो जास्त करून मनःस्थितीमुळे आणि ऊब मिळवायला. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पँथर कॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांचं जाळं असतं आणि त्या स्फटिकांमधलं अंतर प्राणी कमीजास्त करतो, अंतर बदललं की परत येणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. पहिले काही दिवस हात लावायचा नाही, बाजूला बसून नुसतं बघायचं. आणि पिंजऱ्यात एकच, भावंडसुद्धा सोबत नको, जो दबतो तो खाणं सोडतो.

आता खाणं, म्हणजे क्रिकेट, छोटे रातकिडे. नियम सोपा आहे, पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच किडा, त्याहून मोठा नाही. पण त्याआधी हा डबा बघा. हे क्रिकेट कालपासून इथे हिरवा पाला, गाजर, रताळं खातायत. किड्याच्या पोटात जे असेल तेच पिल्लाच्या पोटात जाणार, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. खायला घालायच्या आधी ते कपात घ्यायचे, चिमूटभर कॅल्शियम पावडर, कप हलवायचा, असे पांढुरके झाले की झालं. ही डी३ नसलेली पावडर जवळपास रोज, डी३ वाली आणि मल्टिव्हिटॅमिन पंधरा दिवसांतून एकदा, कारण डी३ अंगात साठतं आणि जास्त झालं तर त्याचाही त्रास होतो. रोज एकच किडा नको, कधी डुबिया झुरळाची पिल्लं, कधी रेशमाच्या अळ्या, बागेतले किडे मात्र नकोत, फवारणीचं काही सांगता येत नाही, आणि काजवा तर कधीच नाही, काही काजव्यांच्या अंगातल्या विषाने सरडे मरतात.

वेळ सकाळची, लाईट लागून तासभर झाल्यावर, अंग तापलं की पचतं. या वयात रोज दहा पंधरा मिनिटांत खाईल तेवढं, साधारण आठ ते बारा किडे.

हा शॉट आम्ही स्लो मोशनमध्ये घेतलाय. आतापर्यंत दोन डोळे दोन दिशांना फिरत होते. किडा दिसला. एक डोळा वळला, दुसराही वळला, आता दोन्ही डोळे समोर एकाच जागी, म्हणजे अंतर मोजलं गेलं. तोंड जरासं उघडलं, जिभेचं टोक पुढे आलं, आणि सुटली. ताणलेल्या तंतूंमध्ये आधीच ताकद साठवलेली असते, ती एकदम सुटते, म्हणून जीभ इतकी वेगात जाते, शेपटी सोडून अंगाच्या लांबीच्याही पलीकडे. टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१६ साली मोजलं. आणि याच व्हेल्ड जातीवरच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं की थंडीत जीभ बाहेर जायला फारशी हळू होत नाही, आत यायला मात्र खूप हळू होते, कारण आत ओढायचं काम स्नायूंना तिथल्या तिथे करावं लागतं. म्हणजे तो सकाळचा बल्ब इथेही उपयोगी पडतोच. पुन्हा एकदा बघा.

उरलेले क्रिकेट संध्याकाळी काढायचे, झोपलेल्या पिल्लाला ते चावतात. ही पांढरी सालपटं म्हणजे कात, तुकड्या तुकड्यांत निघते, ओढायची नाही, त्या दिवशी फवारा थोडा वाढवायचा. सहा महिन्यांनंतर खाणं हळूहळू कमी करायचं, पुढे एक दिवसाआड. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालते, तिला ओल्या वाळूमातीचा खोल डबा द्यावा लागतो, नाहीतर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

आणि हा वजनकाटा, त्यावर एक काडी बसवलीये, आठवड्यातून एकदा पिल्लू काडीवर चढवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पिल्लाचं वजन वाढतच राहायला हवं. आकडा अडकला किंवा उतरला, किंवा दिवसा डोळे मिटून बसायला लागला, तर वाट बघायची नाही, ताज्या विष्ठेचा नमुना डबीत घ्यायचा आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडे जायचं. असे डॉक्टर सगळीकडे नसतात, त्यामुळे त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर पिल्लू यायच्या आधीच लिहिलेला असू द्या.