व्हेंटच्या पाइपात कोणतं फिटिंग, कुठे?

वॉशबेसिनखालचा हा ट्रॅप. या वाकड्या भागात कायम पाणी साठलेलं असतं, त्याला वॉटर सील म्हणतात. त्याची खोली कमीत कमी २ इंच आणि जास्तीत जास्त ४ इंच. घर आणि गटारातला वायू यांच्यामध्ये आडोसा आहे तो एवढ्या पाण्याचाच. बेसिन एकदम रिकामं होतं तेव्हा खाली धावणारं पाणी मागून हवा ओढतं. व्हेंटमधून, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांना हवा पुरवणाऱ्या पाइपातून, हवा आली तर ठीक, नाहीतर ट्रॅपमधलंच पाणी ओढलं जातं. शेवटी गुडगुड होते ती याचीच.

व्हेंटचं फिटिंग हातात घेतलं की दोन गोष्टी आधी ठरवायच्या. यातून नुसती हवा जाणार आहे की पाणीही? आणि ते उभ्या पाइपात बसणार आहे की आडव्या? कोडच्या, म्हणजे प्लंबिंगच्या नियमावलीच्या, भाषेत सरळ उभ्यापासून ४५ अंशांपर्यंत कललेला पाइपही उभाच धरतात.

(पडद्यावर: टेबलावर चार फिटिंग)

डावीकडे सॅनिटरी टी. हिच्या फाट्याला आत छोटासा बाक आहे. शेजारी वाय, फाटा ४५ अंशांत. तिसरा कॉम्बो, म्हणजे वाय आणि ४५ अंशांचा बेंड एकत्र, लांब बाकाचा. आणि हा आखूड वळणाचा व्हेंट एल्बो, फक्त हवेसाठी.

आता भिंतीच्या आत पाहू. ट्रॅपकडून येणारा आडवा तुकडा, म्हणजे ट्रॅप आर्म, उभ्या पाइपला मिळतो. जोडाच्या खाली ड्रेन, वर व्हेंट. इथे बसते सॅनिटरी टी. लांब बाक असला की पाणी छान वाहतं, म्हणून पुष्कळदा इथे कॉम्बो लावला जातो. तो इथे चुकीचाच. कॉम्बोच्या फाट्यात पाणी व्हेंटपाशी पोचण्याआधीच खाली उतरायला लागतं. फाटा पाण्याने भरला की हवेची वाट बंद होते आणि ट्रॅप उपसला जातो. तांत्रिक भाषेत, व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या ओसंडण्याच्या पातळीखाली गेलेलं असतं. सॅनिटरी टीचा बाक आखूड, त्यामुळे आर्मच्या वरच्या भागातली हवा व्हेंटशी जोडलेली राहते.

ट्रॅप आर्मच्या लांबीचा हिशोबही इथूनच निघतो. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत एकूण उतार पाइपच्या व्यासाहून जास्त नको. दीड इंची पाइप, फुटाला पाव इंच उतार: ६ फुटांत दीड इंच संपला. इंटरनॅशनल प्लंबिंग कोड म्हणूनच दीड इंची आर्मला ६ फुटांपर्यंत परवानगी देतो. युनिफॉर्म प्लंबिंग कोड जास्त कडक आहे, तिथे ४२ इंच. आपल्या भागात कोणता कोड लागू आहे हे पाइप कापण्याआधीच विचारून घ्या. आणि व्हेंट ट्रॅपला अगदी चिकटूनही नको, व्यासाच्या दुप्पट अंतर तरी हवंच.

आता आडवा ड्रेन. त्यातून कोरडा व्हेंट, म्हणजे फक्त हवेचा पाइप, वर काढायचा आहे. सॅनिटरी टी पाठीवर झोपवून लावण्याचा मोह होतो. तो टाळा. वाय किंवा कॉम्बो घ्या आणि फाटा वर फिरवा, निदान ४५ अंश तरी. व्हेंट ड्रेनच्या मध्यरेषेच्या वरूनच निघाला पाहिजे, असं दोन्ही कोड सांगतात. बाजूने काढला तर ड्रेन तुंबल्यावर मैला व्हेंटात शिरतो, आणि तिथे धुऊन न्यायला वरून पाणीच येत नाही. कागद आणि केस साचत जातात. वरून सगळं ठीक दिसतं, पण आत व्हेंट बुजलेला असतो.

तिथून व्हेंट उभाच न्यायचा. बेसिनच्या ओसंडण्याच्या काठापेक्षा ६ इंच वर गेल्यावरच आडवा वळवायचा. ड्रेन तुंबला तर पाणी आधी बेसिनमध्ये दिसावं, आडव्या व्हेंटात गुपचूप साचू नये, म्हणून ही उंची. त्या काठाच्या खाली सगळी फिटिंग ड्रेनेजचीच वापरा. आखूड व्हेंट एल्बो वरच्या कोरड्या भागात. तिथे दुसऱ्या व्हेंटला उभ्या पाइपात जोडताना टी उलटी लावतात, म्हणजे बाक वरच्या दिशेला जातो. आडव्या व्हेंटला ड्रेनकडे उतार द्या. पाइप मध्ये झोळला तर आतल्या बाष्पाचं पाणी तिथेच थांबतं आणि हवा अडते.

(पडद्यावर: दोन पांढरे एल्बो, उभे कापलेले)

रंग एक, माप एक. डावा दाबाच्या पाण्याचा: आतलं वळण काटकोनात, तीक्ष्ण. उजवा ड्रेनेजचा: वळण गोल, शिवाय पाइपला उतार मिळावा म्हणून किंचित कललेला. अंगावरचे आकडे वाचा. पीव्हीसी ड्रेनेज फिटिंगवर एएसटीएम डी २६६५ हा मानकाचा क्रमांक, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या फिटिंगवर डी २६६१. डी २४६६ दिसलं तर ते दाबाचं, बाजूला ठेवा. पीव्हीसीला पीव्हीसीचं सिमेंट, एबीएसला एबीएसचं.

व्हेंटचा व्यास ड्रेनच्या निम्मा तरी हवा आणि सव्वा इंचाहून कमी नको. ३ इंची ड्रेनला दीड इंच, ४ इंचीला २ इंच. इंटरनॅशनल कोडप्रमाणे ४० फुटांहून लांब व्हेंट असेल तर सगळी लांबी एक माप मोठी. छपरावर तो किमान ६ इंच वर निघाला पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तोंडाशी बर्फ साचतं, तिथे छपराबाहेरचा भाग ३ इंची करतात.

छपरापर्यंत जाणं शक्य नसेल तर एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह, म्हणजे हवा फक्त आत घेणारी झडप. तो आडव्या ड्रेनपेक्षा ४ इंच वर बसवा, हात पोचेल आणि हवा मिळेल अशा जागी. भिंतीत चिणून टाकू नका. त्यावर एएसएसई १०५१ हा मानकाचा क्रमांक लिहिलेला हवा. स्प्रिंगचा स्वस्त व्हेंट दिसायला तसाच असतो, पण तो कोडात बसत नाही. शिवाय घरातला एक व्हेंट तरी उघड्या हवेत निघालाच पाहिजे, कारण हा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. युनिफॉर्म कोड लागू असेल तिथे आधी स्थानिक परवानगी घ्या.

भिंत बंद करण्याआधी चाचणी. खालचं तोंड बंद करून १० फूट उंचीचं पाणी भरा, १५ मिनिटं थांबा. पातळी उतरली तर प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला होईल तो जोड कापून नवा करायचा, वरून सिमेंट फासून तो धरत नाही. प्लास्टिक पाइपात हवा भरून चाचणी मात्र करू नका. फिटिंग फुटलं तर तुकडे उडतात.