कात्री कुठं लागली ते बघा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘बायबल गुलामगिरीच्या बाजूचं की विरोधातलं?’ उत्तर देणार आहे, काळजी नसावी. पण आधी एका पुस्तकाची हकिगत ऐका. तिच्यावाचून हा वाद कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल निघालं. वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या काळ्या गुलामांसाठी, पवित्र शास्त्रातले निवडक भाग. (त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. बंदी व्यापारावर हं. गुलामी संपवणारा कायदा यायला १८३३ उजाडलं.) पुस्तक मिशनऱ्यांच्या संस्थेसाठी छापलेलं. मात्र मळेवाल्यानं फाटक उघडल्याशिवाय मिशनरी गुलामापर्यंत पोचणार कसा? मग कात्री निघाली. बायबलाचे अध्याय ११८९. यात उरले २३२. बायबलाचा पहिला भाग, जुना करार, दहातले नऊ हिस्से गेला; दुसरा, नवा करार, जवळपास निम्मा.

निवड बघण्यासारखी आहे. योसेफाची गोष्ट ठेवली. भावांनी विकलेला, मालकाकडे इमानानं राबलेला आणि पुढं थेट राजदरबारी बढती मिळालेला योसेफ! असा गुलाम कुठल्या मळेवाल्याला नको असेल? पण त्याच्या वंशजांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून मोशे सोडवून नेतो, तो भाग साफ उडवला. फारो राजा नाही, दहा पीडा नाहीत, दुभंगलेला समुद्र नाही. वाचक योसेफाचा निरोप घेतो तो एकदम सीनाय पर्वताच्या पायथ्याशी, देवाच्या आज्ञा ऐकायला हजर. ही एवढी माणसं तिथं आली कुठून, हे विचारायचं नाही. स्तोत्रं तर सगळीच गेली. इफिसकरांस पत्रातलं ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ आहे. गलतीकरांस पत्रातलं ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ नाही. आणि निर्गम या पुस्तकातलं २१:१६ (अध्याय २१, वचन १६) नाही, हे ओघानं आलंच: माणूस चोरून विकणाऱ्याला देहान्त शिक्षा. आफ्रिकेतून माणसं पळवून आणलेल्या बेटांवर हे वचन कोण वाचू देईल?

म्हणजे बायबल विरोधातलं ठरलं? थांबा, टाळ्या इतक्यात नकोत. दुसऱ्या हातातही कात्री आहे. बायबलाचे आजचे बचावकर्ते सांगतात, ती कसली गुलामी, कर्ज फेडायची सहा वर्षांची चाकरी. इब्री, म्हणजे इस्राएली, पुरुषापुरतं हे खरं: सातव्या वर्षी सुटका, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १५वा अध्याय म्हणतो की रिकाम्या हातानं पाठवू नका. पण लेवीय या पुस्तकाचा २५वा अध्याय पुढं वाचा. आजूबाजूच्या राष्ट्रांतले दास-दासी विकत घ्या, मुलाबाळांना वतन म्हणून ठेवा, ते कायमचे तुमचे. आणि हा अध्याय कुठला? अमेरिकेत स्वातंत्र्याचं चिन्ह मानलेल्या, फिलाडेल्फियाच्या त्या प्रसिद्ध तडकलेल्या घंटेवर ज्याचं वचन कोरलंय तोच! देशातल्या सर्व रहिवाशांना मोकळीक जाहीर करा, हे दहावं वचन. विकत घ्यायची परवानगी चव्वेचाळिसाव्यात. घंटेवर जागा कमी पडली असावी.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. तेव्हा कबूल केलेलं आता भराभर.

१८७३ साली फुल्यांनी ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकनांना अर्पण केली, त्यांच्या देशात हा वाद आधी चर्चमध्येच पेटला. १८४५ साली बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथातले दोघे, गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेतले रिचर्ड फुलर आणि ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलँड, पत्रांतून भिडले. फुलरचं म्हणणं: जुन्या करारात देवानं मंजूर केलं, नव्यात चालू दिलं, ते पाप कसं? वेलँडचं म्हणणं: चालू दिलं म्हणजे योग्य ठरवलं असं नाही, शेजाऱ्यावर प्रीती करा हे तत्त्व मान्य केलं की मालकी टिकत नाही. त्याच वर्षी दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. आपल्या गुलामगिरीतल्या वाट्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली ती १९९५ साली.

माझं मत विचाराल तर वचनांच्या हिशेबात फुलर वरचढ, तत्त्वात वेलँड. बायबल गुलामीला कायदे घालतं, बंदी घालत नाही. निर्गम २१ मध्येच बघा: काठीच्या मारानं दास जागीच मेला तर मालकाला शिक्षा, एक-दोन दिवस जगला तर नाही, कारण तो त्याचं धन. सहा वचनं पुढं, दासाचा दात पाडला तरी त्याला मोकळं सोडायचं. यातलं एकच दाखवणाऱ्याशी वाद घालू नका, त्याला दुसरं मोठ्यानं वाचायला लावा.

शेवटचं, नव्या करारातलं फिलेमोनाला पत्र: प्रेषित पौलानं फिलेमोन या धन्याला त्याच्या अनेसिम नावाच्या दासाबद्दल लिहिलेलं. अवघी पंचवीस वचनं. पळालेले गुलाम परत द्या असा कायदा अमेरिकेत १८५० साली झाला, तेव्हा मालकांची बाजू घेणारे म्हणत, पौलानंही अनेसिमाला परत पाठवलंच की. विरोधक अनुवाद २३:१५ काढत: पळून आलेला दास धन्याच्या हवाली करू नका. आणि पौल? तो लिहितो, याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे; काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. ‘मुक्त कर’ एवढं मात्र सरळ लिहीत नाही.