खटाववाडीतून आलेली पुस्तके

आमच्या या माहितीपटात पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन पुस्तके एकाच लेखकाची आहेत आणि एकाच प्रकाशनाची आहेत. तरीही ग्रंथालयात ती सहसा एका कपाटात सापडत नाहीत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी असल्यामुळे ललित साहित्यात जाते, तर त्यांचेच 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक समाजशास्त्राच्या किंवा ग्रामविकासाच्या फळीवर जाऊन बसते. ही दोन्ही पुस्तके छापणाऱ्या मौज प्रकाशन गृहाच्या यादीतून वाचण्याजोगे काही निवडायला बसले, की कपाटांची ही विभागणी फारशी उपयोगाची राहत नाही. या प्रकाशनाच्या चांगल्या कादंबऱ्यांत कामाची, जागेची आणि काळाची पक्की माहिती असते, आणि त्याच्या माहितीपर पुस्तकांना गोष्ट कशी सांगावी याची जाण असते.

'मौजे'चे नाव मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीशी जोडलेले आहे. १९२२ साली सुरू झालेले 'मौज' साप्ताहिक, पुढे 'सत्यकथा' मासिक, स्वतःचा छापखाना आणि या सगळ्याच्या आधाराने वाढलेले ग्रंथप्रकाशन, असा हा प्रवास आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या हाती आलेले हस्तलिखित केवळ शुद्धलेखन तपासून छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याकडे जात नसे. त्यावर लेखकाशी पत्रव्यवहार होई, एखादा परिच्छेद पुन्हा लिहिण्याची सूचना येई आणि लेखक ती बहुधा मनावर घेई. पटवर्धनांनी स्वतः केलेला 'पाडस' हा अनुवाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्यांचा भाषेचा कान किती तयार होता हे वेगळे सांगावे लागणार नाही. या चोखंदळपणाचा काहींना काचही झाला. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापितांना नाकारून स्वतःची छोटी नियतकालिके काढणाऱ्यांच्या, चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे आज म्हणता येत नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली, पण मजकूर घासूनपुसून घेण्याची सवय पुस्तकांत उरली.

'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या दिवसांत नववीत शिकणारा मुकुंद जोशी ही कथा स्वतः सांगतो. त्याचे मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारा त्यांचा अड्डा, 'लाइन' या शब्दाभोवती फिरणारी त्यांची चर्चा आणि या सगळ्याच्या मध्यभागी असलेली वर्गातली शिरोडकर, एवढाच कादंबरीचा ऐवज आहे. नववीतल्या मुलाला जेवढे कळते त्यापेक्षा एक शब्दही जास्त निवेदकाला कळू न देणे, ही बोकिलांची खरी करामत आहे. म्हणून आणीबाणी इथे राजकीय घटना म्हणून येत नाही. मोठ्यांचे बोलणे मुले आल्यावर हळू होते, तशी ती कानावर पडते आणि निसटते. ज्यांनी केवळ तिच्यावरचा चित्रपट पाहिला आहे, त्यांनी कादंबरी अवश्य वाचावी, कारण मुकुंद बाहेर जे बोलतो आणि मनात जे म्हणतो त्यातले अंतर वाक्यावाक्यात अनुभवावे लागते आणि सगळा विनोद त्या अंतरातच आहे.

आता दुसरे पुस्तक. मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा पुष्कळांनी ऐकलेली असते. ती घोषणा रोजच्या व्यवहारात कशी उतरली, हे बोकील धीराने सांगतात. मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एका माणसाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि दरम्यान गावातला अभ्यासगट त्या विषयाची माहिती काढतो, चर्चा करतो, पुन्हा मांडतो. शहरातल्या सोसायटीच्या एखाद्या सभेला बसलेल्या माणसाला हे अशक्य वाटेल. मलाही पहिल्या वाचनात वाटले होते. पण लेखक गावाचे गोडवे गात बसत नाही. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांना साथ देणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे, वनखात्याने पाडलेले आणि गावकऱ्यांनी पुन्हा उभारलेले घोटुल, म्हणजे गोंड तरुण-तरुणींचे एकत्र जमण्याचे घर, कायद्याच्या कलमांचा गावाने केलेला अभ्यास, यांतून तो एकेक पायरी दाखवत जातो. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आला, तरी बांबू तोडून विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडावे लागले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांच्यामधली ही दोन वर्षे एखाद्या कादंबरीतल्या पेचासारखी वाचली जातात. शीर्षकातला 'गोष्ट' हा शब्द शोभेसाठी आलेला नाही.

याच्या उलट बाजूने प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' ही कादंबरी येते. ती १९८१ सालची असली तरी अजून जुनी झालेली नाही. पेंढारकर स्वतः फिल्म्स डिव्हिजनसाठी माहितीपट करत. आमच्या या माहितीपटात त्यांची आठवण निघणे त्यामुळे साहजिकच आहे. हिमालयात सतलजच्या खोऱ्यात लष्करासाठी रस्ता बांधला जात आहे आणि मुंबईची नोकरी सोडून आलेला विश्वनाथ मेहेंदळे हा तरुण अभियंता त्या कामावर रुजू झाला आहे. ढांग म्हणजे सरळसोट उभा कडा. तो फोडायचा म्हणजे किती सुरुंग, किती माणसे, किती दिवस, याचा हिशेब कादंबरीभर चालू राहतो, आणि लष्कराची शिस्त व अभियंत्याची सदसद्विवेकबुद्धी यांचा संघर्ष त्या हिशेबातूनच उभा राहतो. मराठी कादंबरीत नायक नोकरी करतो असे पुष्कळदा नुसते सांगितलेले असते; इथे तो खरोखर काम करताना दिसतो.

गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'मधल्या तीन दीर्घकथा १९८० साली आल्या. त्यांतल्या बायका स्वतःच्या सुखाचा हिशेब कोणाची परवानगी न घेता मांडतात, आणि 'कारावासातून पत्रे' या कथेपासून सुरुवात केली तर पुढच्या दोन आपोआप वाचून होतात.

मौजेची यादी म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे, हेही नोंदवायला हवे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले ते ग्रंथाली या दुसऱ्या प्रकाशन संस्थेकडून, आणि मराठी आत्मकथनाला त्याने जो धक्का दिला तो खटाववाडीतून आलेला नव्हता.

खटाववाडीतूनही एक धक्का आला, पण तो वेगळ्या जातीचा होता. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांनी ते पु. लं.च्या उणिवा शोधण्यासाठी वाचले. ते वाचन कोते होते, असे माझे मत आहे. सुनीताबाई नवऱ्याविषयी स्पष्ट लिहितात, पण झाडाझडती घेतात ती प्रामुख्याने स्वतःची, आणि आठवण जशी सुचेल तशी मागेपुढे जात असतानाही त्यांचे वाक्य कधी सैल पडत नाही. हे पुस्तक मिटल्यावर याच प्रकाशनाचे 'व्यक्ती आणि वल्ली' पुन्हा उघडून पाहावे. नारायण, हरितात्या, अंतू बर्वा ही सगळी माणसे कागदावर उतरत असताना त्या घराचा जमाखर्च कोण पाहत होते, हा पूर्वी कधी न पडलेला प्रश्न आता पहिल्याच पानावर पडतो.