८० सामने, पगार बंद

(पडद्यावर: मिलवॉकी शहर, स्टेडियमचं मोठं छत)

१ ऑक्टोबर २०११. शनिवार. अमेरिकेतल्या मिलवॉकीत बेसबॉलचा बाद फेरीतला सामना संपलाय, यजमान ब्रूअर्स संघ जिंकलाय. गर्दी अजून पांगायची आहे, आणि आत उत्तेजक चाचणीसाठी रायन ब्राऊनकडून लघवीचा नमुना घेतला जातोय. ब्राऊन म्हणजे या शहराचा सगळ्यात लाडका फलंदाज. नमुन्याचे दोन भाग होतात, बाटल्यांना सील लागतं, बाटल्या पिशवीत, पिशवी खोक्यात, आणि खोक्यालाही सील.

नियम असा, की खोकं शक्यतो त्याच दिवशी कुरिअरकडे द्यायचं. नमुना घेणाऱ्या माणसाने विचार केला: शनिवारी संध्याकाळी दिलं काय नि न दिलं काय, सोमवारपर्यंत ते पडूनच राहणार. त्याने खोकं घरी नेलं, सोमवारी रवाना केलं. कॅनडातल्या माँट्रियलच्या प्रयोगशाळेत ते पोचलं तेव्हा सगळी सीलं जशीच्या तशी होती. आतल्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण मात्र मर्यादेच्या खूप वर.

नोव्हेंबरमध्ये ब्राऊन नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या दोन गटांपैकी एकाचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. डिसेंबरमध्ये चाचणीची बातमी फुटली. शिक्षा होती ५० सामन्यांच्या निलंबनाची. तो लवादाकडे गेला. तिघांचं मंडळ: एक मेजर लीगचा माणूस, एक खेळाडू संघटनेचा, आणि तिसरा तटस्थ. या तिसऱ्याचं नाव श्याम दास. नाव ऐकून आपले कान टवकारतात खरे, पण दास हे अमेरिकेतल्या कामगार तंट्यांमधलं मुरलेलं नाव. फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी ब्राऊन सुटला. खोकं वेळेत पोचवलं नाही, हा मुद्दा ग्राह्य धरला गेला. ब्राऊनने पत्रकार परिषद घेऊन आपण निर्दोष असल्याचं ठासून सांगितलं, आणि नमुना घेणाऱ्या माणसावरच संशयाची सुई फिरवली. मे महिन्यात लीगने दास यांनाच लवादपदावरून दूर केलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, ब्राऊनने निलंबन मुकाट्याने मान्य केलं. फ्लोरिडातल्या, उत्तेजकं पुरवणाऱ्या एका क्लिनिकच्या वह्यांमध्ये त्याचं नाव सापडलं होतं. या वेळी ६५ सामने. पगार बुडाला साधारण साडेबत्तीस लाख डॉलरचा.

साडेबत्तीस लाख ऐकायला मोठे वाटतात. पण एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे त्या शनिवारच्या काही महिने आधी, ब्राऊनने २०१६ ते २०२० या पाच वर्षांसाठी नवा करार केला होता. साडेदहा कोटी डॉलरचा. त्या कराराला धक्काही लागला नाही. २०११ चा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताबही आजतागायत त्याच्याच नावावर आहे.

(पडद्यावर: १९९८ मधली वर्तमानपत्रं)

हे सगळं सुरू कुठून झालं? स्टिरॉइडवर बंदी आहे, असं बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त, म्हणजे लीगचे प्रमुख, फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्येच एका परिपत्रकात लिहिलं होतं. पण चाचणी नाही, शिक्षेचा तक्ता नाही. कागद फाइलीत गेला.

१९९४ मध्ये खेळाडू संपावर गेले, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका रद्द झाली, प्रेक्षक चिडले. रुसलेल्या लोकांना परत आणलं ते १९९८ च्या उन्हाळ्याने. मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा, दोघेही रॉजर मॅरिसच्या एका हंगामातल्या ६१ होमरनच्या विक्रमामागे लागलेले. होमरन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका. विक्रम १९६१ चा, ३७ वर्षं टिकलेला. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. स्टेडियम ओसंडून वाहिली.

त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या बातमीदाराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एक बाटली दिसली. अँड्रोस्टेनडायोन. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढवणारं द्रव्य. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्ये होती, बेसबॉलमध्ये नव्हती, आणि दुकानात ते राजरोस मिळत होतं. बातमी छापून आली तेव्हा टीका कुणावर झाली? बातमीदारावर. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोस कशाला म्हणून!

मालकांची तिकिटं खपत होती, वाहिन्यांना प्रेक्षक मिळत होते, खेळाडूंना करार मिळत होते. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ होमरन मारले आणि मॅग्वायरचा विक्रमही तीन वर्षांत मागे पडला.

पहिली चाचणी झाली २००३ मध्ये, आणि तीही कशी? नाव गुप्त, शिक्षा शून्य. पाच टक्क्यांहून जास्त नमुने सदोष निघाले तरच पुढच्या वर्षापासून खऱ्या चाचण्या, असा मालक आणि संघटनेतला समझोता. नमुने पाच टक्क्यांच्या वर गेले. २००४ मध्ये पहिल्यांदा सापडणाऱ्याला मिळणार होते उपचार. निलंबनही नाही, नावही जाहीर नाही. २००५ मध्ये शिक्षा आली ती १० दिवसांची.

(पडद्यावर: अमेरिकी संसदेतली सुनावणी, मार्च २००५)

संसदेच्या समितीने खेळाडूंना बोलावलं. मॅग्वायर म्हणत राहिला, भूतकाळाबद्दल बोलायला मी आलेलो नाही. राफाएल पाल्मेरोने मात्र समितीकडे तर्जनी रोखून सांगितलं, मी स्टिरॉइड कधीही घेतलेलं नाही. जुलैमध्ये त्याने कारकिर्दीतला तीन हजारावा हिट, म्हणजे यशस्वी फटका, मारला. १ ऑगस्टला तो चाचणीत सापडल्याचं जाहीर झालं. द्रव्य स्टॅनोझोलॉल, एक स्टिरॉइड. ती रोखलेली तर्जनी तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. पाल्मेरो आजही म्हणतो, मी जाणूनबुजून काही घेतलं नाही.

दहा दिवसांची शिक्षा हा विनोद आहे, हे संसदेला कळलं आणि कायदा करण्याची धमकी आली. तेव्हा कुठे २००६ पासून ५० सामने, दुसऱ्यांदा १००, तिसऱ्यांदा आजन्म बंदी असा तक्ता लागू झाला. एका हंगामात १६२ सामने असतात, म्हणजे पहिल्या गुन्ह्याला एक तृतीयांशही हंगाम नाही.

मग खेळाडूंनी हिशेब मांडला. मांडणारच. २०१२ चा मेल्की काब्रेरा घ्या. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा हा फलंदाज त्या वर्षी निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याचा मानकरी होता. ऑगस्टमध्ये सापडला. त्याच्या ओळखीच्या एका माणसाने दहा हजार डॉलर मोजून एक वेबसाइट घेतली आणि तिच्यावर अस्तित्वातच नसलेल्या मलमाची जाहिरात टाकली. बचाव असा ठरला होता, की मी बिचाऱ्याने हे मलम विकत घेतलं, त्यात काय आहे मला काय ठाऊक! तपास करणाऱ्यांना हे थोतांड कळायला वेळ लागला नाही. काब्रेराने फलंदाजीतल्या सर्वाधिक सरासरीच्या किताबावरून स्वतःचं नाव मागे घ्यायला लावलं. जायंट्सनी मात्र त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. काब्रेराने चार महिने मिळवून दिलेल्या विजयांतला एकही कुणी संघाच्या खात्यातून वजा केला नाही.

इथेच पाणी मुरतं. निलंबित खेळाडूला पगार मिळत नाही, बरोबर. पण तो पगार जातो कुठे? कुठेच जात नाही. तो संघाच्या तिजोरीतच राहतो. न्यूयॉर्क यँकीजचा अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ हे याचं ठळक उदाहरण. ज्या क्लिनिकच्या वह्यांत ब्राऊनचं नाव होतं, त्याच क्लिनिकच्या प्रकरणात ५ ऑगस्ट २०१३ रोजी एका दिवसात १३ खेळाडूंवर कारवाई झाली. बारा जणांनी ५० सामने स्वीकारले. रॉड्रिगेझला २११ दिले. तो भांडला, लवादाने ते १६२ वर आणले, म्हणजे २०१४ चा अख्खा हंगाम. त्याचे दोन कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तेवढेच यँकीजचे वाचले. आणि हाच यँकीज संघ २००९ मध्ये त्याच्या फटक्यांवर वर्ल्ड सिरीज जिंकला होता.

त्या बारांमधला जॉनी पेराल्टा. हंगाम संपायच्या तीन सामने आधी त्याचं निलंबन संपलं, म्हणून डेट्रॉइटकडून तो बाद फेरीत खेळलासुद्धा. नोव्हेंबरमध्ये सेंट लुईसने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर दिले. हे पाहून खेळाडूच भडकले. प्रामाणिकपणे खेळून आम्ही काय मूर्ख ठरायचं? शिक्षा वाढवा, ही मागणी संघटनेच्या आतून आली. २०१४ मध्ये तक्ता बदलला: ८० सामने, मग १६२, मग आजन्म. शिवाय त्या वर्षीच्या बाद फेरीतही बसायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हेन्री मेहिया तिसऱ्यांदा सापडला आणि या तक्त्यानुसार आजन्म बंदी मिळालेला पहिला ठरला. दोन वर्षांनी ती बंदीही सशर्त उठली.

वाढलेल्या शिक्षेने धाक बसला का? थोडा बसला असेल. पण २०२२ मध्ये सॅन डिएगोचा फर्नांडो तातीस ज्युनिअर सापडलाच. नायट्यावरच्या औषधातून क्लोस्टेबोल हे स्टिरॉइड अंगात गेलं, असं त्याने सांगितलं. ८० सामने बाहेर. त्याचा करार १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा. तो जागच्या जागी राहिला.

(पडद्यावर: कूपर्सटाउन, हॉल ऑफ फेमची इमारत)

ज्यांना तक्त्यातून शिक्षा झाली नाही त्यांना पत्रकारांनी दिली. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान दालनात, जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात आणि दहा वर्षं संधी मिळते. कारकिर्दीत ७६२ होमरन मारणाऱ्या बाँड्सला २०२२ मध्ये, शेवटच्या संधीत, ६६ टक्के मिळाली. बाँड्स एकदाही लीगच्या स्टिरॉइड चाचणीमुळे निलंबित झालेला नाही. त्याच्याविरुद्धचा फौजदारी खटलाही शेवटी टिकला नाही. तरी लोकांचं मत पक्कं आहे, आणि खोटं कशाला बोला, आमचंही.

पण त्याच इमारतीत बड सेलिग यांची पाटी लागली आहे. १९९८ मध्ये आयुक्त कोण होते? सेलिग. २०१७ मध्ये त्यांचा सन्मानाने प्रवेश झाला. खेळाडू बाहेर आणि त्या खेळाचे कारभारी आत, हा न्याय आम्हाला पटलेला नाही. चाचण्या त्यांच्याच काळात सुरू झाल्या हे खरं. पण कडक शिक्षा आली ती संसदेने कान धरल्यावर.

(पडद्यावर: डोमिनिकन रिपब्लिक, मातीचं मैदान, सरावाला आलेली मुलं)

आता या यादीचं दुसरं टोक. मेहिया डोमिनिकन, तातीस डोमिनिकन. या देशातल्या मुलांना अमेरिकी संघ सोळाव्या वर्षी करारबद्ध करतात. त्याआधी काही वर्षं ही मुलं स्थानिक प्रशिक्षकाकडे असतात. तिथे अशा प्रशिक्षकांना ‘बुस्कोन’ म्हणतात. मुलाला खाऊपिऊ घालायचं, तयार करायचं आणि करार झाला की रकमेतला मोठा वाटा घ्यायचा, हा त्यांचा धंदा. चेंडू ताशी दोन-तीन मैल जास्त वेगाने गेला तर करारात शून्य वाढतं. अशा वेळी सुई कुणी टोचली, आणि पोराला ती कशाची आहे ते माहीत होतं का, हे निलंबनाच्या पत्रकात येत नाही. तिथे एक ओळ असते: नाव, द्रव्य, सामने, पगार बंद.

ब्राऊनकडे वकील होते, संघटना होती, लवाद होता, खोकं कुठल्या दिवशी निघालं हे मोजणारी माणसं होती. अमेरिकेतल्या कनिष्ठ लीगच्या खेळाडूंना संघटनेचं छत्र मिळालं तेच २०२२ मध्ये, आणि त्यानंतर झालेल्या करारातही डोमिनिकन समर लीगची, म्हणजे अमेरिकी संघांशी करार होऊन मायदेशातच खेळणारी, मुलं नाहीत. त्यांचा हंगाम उन्हाळ्यातल्या दोन-तीन महिन्यांचा. पन्नासेक सामने बाहेर बसलं की वर्ष गेलं. संघाचं त्यात काही अडत नाही: १५ जानेवारीला नव्या करारांची मुदत सुरू होते आणि सोळा वर्षांची पुढची तुकडी सही करायला तयारच असते.