वादळानंतरचे पहिले दोन दिवस

वादळ ओसरलं की माणूस पहिल्यांदा झाडू हातात घेतो. साहजिकच आहे, आपलं घर विस्कटलेलं बघवत नाही. पण मंडळी, विम्याचा दावा पुष्कळदा या साफसफाईतच कमकुवत होतो.

आधी जीव. आत पाणी असेल तर मेन स्विच बंद करा. पण तिथवर पाण्यातून जावं लागणार असेल तर आत पाऊलच टाकू नका, पुरवठा बाहेरून तोडून घ्या. ओल्या छपरावर चढू नका.

मग फोटो. नुसत्या भेगेचा जवळून काढलेला फोटो सर्व्हेअरला, म्हणजे विम्यासाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्याला, काहीच सांगत नाही. आधी लांबून काढा, खोली आणि कोपरा ओळखू येईल असा. मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. फ्रिज, टीव्ही, पंप यांच्यावरचा मॉडेल आणि सिरियल नंबर टिपा. पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं, ती रेघ पुसण्याआधी तिचाही फोटो हवाच.

फोटो झाले की कंपनीला लगेच कळवा आणि कामाला लागा. सर्व्हेअर येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, हा समज फार महागात पडतो. भिजलेल्या गादीत, प्लायवूडमध्ये 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते, आणि नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी मानली जाते. ताडपत्री बांधा, पाणी उपसा, प्रत्येक पावती जपा. पक्की दुरुस्ती मात्र पाहणीनंतरच.

खरी ओढाताण होते ती कारणावरून. वाऱ्यानं पत्रा उडाला आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर ते सहसा वादळाचं नुकसान धरतात. जुन्या भेगेतून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी म्हणजे देखभालीतली हयगय, ते नाकारतात. बाहेरून पाणी चढून घरात शिरलं तर तो पूर, आणि काही पॉलिसींत तो मुळातच वगळलेला असतो. म्हणून मी आग्रहानं सांगतो, पत्र्याचे तुटलेले हूक फेकू नका. तुटल्या जागी धातू ताजा, गंज न चढलेला दिसत असेल, तर तो जोड वादळातच तुटल्याचा तो बोलका पुरावा आहे. आदल्या वर्षी छप्पर दुरुस्त केल्याचं बिल असेल तर तेही जोडा.

रक्कम कमी का आली, असं लोक कळवळून विचारतात. एक कारण घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून तिची घटलेली किंमत. दुसरं जास्त बोचणारं: घर पुन्हा बांधायला 40 लाख लागणार असतील आणि विमा 20 लाखांचाच असेल, तर पॉलिसीत सरासरीचं कलम (विमा जितक्या प्रमाणात कमी, भरपाईही तितक्याच प्रमाणात कमी) असल्यास 4 लाखांच्या नुकसानीचे 2 लाखच हातात पडतात. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवली, की ती बचत इथे वळती होते.

आणि शेवटच्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, म्हणजे यापुढे काही मागणार नाही अशी कबुली, असतील तर घाईनं सही करू नका. भिंत उघडल्यावर आतलं वायरिंग जळालेलं सापडतं, छताची लाकडं आतून फुगलेली निघतात. अशा वेळी काम तिथेच थांबवा, फोटो काढा आणि पुन्हा पाहणी करावी म्हणून लेखी अर्ज द्या.